पॉइंट गार्डला डोकं लागतं

"कोटा इथंही आणलास का गं?"

खेळाडू निवडीचे प्रमुख, माझे बॉस अनिरुद्ध सर हे मराठीत म्हणाले. हसत म्हणाले. न्यू जर्सीतल्या एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाचं ऑफिस. काचेच्या भिंतींची मीटिंगरूम. टेबलाभोवती नऊ माणसं. मराठी कळणारी दोनच. ते आणि मी.

पडद्यावर डेव्हॉन होता. अलाबामाचा, वीस वर्षांचा, काळा पोरगा. ड्राफ्टला तीन आठवडे उरले होते. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंमधून एकेका संघानं पाळीपाळीनं एकेक उचलायचा. आम्हाला पॉइंट गार्ड पाहिजे होता. चेंडू घेऊन येणारा, कोणी कुठं पळायचं ते ठरवणारा, पाचांचं डोकं. वर्षभर मी पॉइंट गार्डांचे व्हिडिओ बघत होते. पास कोणाला दिला, कधी दिला, देण्याआधी कुठं पाहिलं, एकेक नोंदवत होते. आणि त्या दिवशी मी सांगत होते की डेव्हॉन सगळ्यांच्या पुढं आहे. 'खेळाची समज' या रकान्यात मी त्याला दहापैकी नऊ दिले होते.

त्यावर सरांचं हे वाक्य.

"काय म्हणालास तिला?" जनरल मॅनेजर ब्रॅडनं विचारलं.

"काही नाही. कौतुक केलं."

सगळे हसले. मीही हसले.

ते हसणं मी लपवत नाही. लिहायचं तर तेही लिहिलं पाहिजे. कोटा कुणाला म्हणाले ते मला कळलं होतं, आणि तोंड हसत होतं.

सरांना माझी जात कशी कळली? आडनावावरून नक्की कळत नव्हतं, म्हणून त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं होतं. नोकरीला लागून महिनाच झाला होता. पार्सिपनीत आमची घरं दहा मिनिटांवर. वहिनींनी साबुदाण्याचे वडे केले होते. वाढता वाढता त्यांनी विचारलं, "नागपुरात कुठं राहता तुम्ही?" मी म्हटलं, "इंदोरा." आंबेडकरी वस्ती, नागपूर माहीत असणाऱ्याला नाव पुरतं. त्यांनी सरांकडं पाहिलं. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला. पुढं कोणी काही विचारलं नाही. पुन्हा कोणी जेवायलाही बोलावलं नाही.

मी स्वतः पॉइंट गार्ड होते. आमच्या बुद्धविहारामागं सिमेंटचं कोर्ट होतं, रिंगला जाळी नव्हती. तिथं मी शिकले. सतराव्या वर्षी विद्यापीठाच्या निवडीला गेले. तीन दिवस सामने झाले. माझ्या पासवर पोरी बास्केटमागं बास्केट करत होत्या. निवड करणाऱ्या बाईंनी यादी वाचली, मला बाजूला घेतलं आणि पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू फॉरवर्ड खेळ. तुम्ही लोक पळता छान. पॉइंट गार्डला डोकं लागतं."

त्या जागी त्यांच्या ओळखीतली एक मुलगी घेतली. वाईट नव्हती ती. मला मागं वळून विचारायची, आता काय करू? मी पळता पळता तिला सांगायची.

बाबा म्हणाले, "खेळायले भेटते ना? मंग गप खेळ." मी गप खेळले. चार वर्षं.

तर डेव्हॉन. पुढच्या आठवड्यात तो आमच्याकडं चाचणीला आला. आधी उंची, हातांची लांबी, उडी. त्याला चड्डीवर उभं करून तीन माणसं त्याच्याभोवती फिरत होती, पोटरीला हात लावून बघत होती. मग त्याला आत आणलं. सर सामन्याचा व्हिडिओ मध्येच थांबवायचे आणि विचारायचे, पुढं काय होईल?

डेव्हॉन सांगत होता. दहाच्या दहा खेळाडू कुठं जातील ते. एका ठिकाणी म्हणाला, "त्या बाराव्या नंबरचा घोटा दुखतोय. तो उशिरा वळेल. पास तिकडून जाईल." सरांनी व्हिडिओ सोडला. बारावा नंबर उशिरा वळला. पास तिकडूनच गेला.

मी वर्षभर तो सामना बघत होते. घोटा मला दिसला नव्हता.

"पाठ करून आलाय," सर माझ्याकडं वाकून मराठीत म्हणाले. मग त्याला इंग्रजीत विचारलं, "वडील अजून तुरुंगातच आहेत का?"

 

"हो सर," डेव्हॉन म्हणाला.

"मग तुला घडवलं कोणी? शिस्त कोणी लावली?"

"आई स्कूलबस चालवते. ती म्हणते, पुढं बघून गाडी चालते, पण पोरं वाचतात आरशांमुळं. सगळे आरसे बघायला तिनं शिकवलं."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. डेव्हॉनची नजर त्या पेनावर होती. ती नजर मी ओळखली. आपल्याबद्दल काय लिहिलं जातंय हे ज्याला माहीत असतं आणि वाचता येत नसतं, त्याची नजर.

दुपारी कॉनर आला. गोरा, एका नावाजलेल्या कोचचा मुलगा. चांगला खेळाडू. व्हिडिओत दोनदा चुकला. सर म्हणाले, "काळजी करू नको, हे तुझ्या रक्तात आहे."

रक्तात. सर जोशात होते, माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. मी साता समुद्रापार आले होते आणि ही तीच यादी होती. पाय यांचे, डोकं त्यांचं. माणसं तेवढी बदलली होती.

शेवटच्या मीटिंगच्या सकाळी मी अहवाल उघडला. डेव्हॉनच्या पानावर माझं नाव होतं. खाली 'खेळाची समज: पाच'. शेरा असा: 'अंगानं जबरदस्त. खेळ वाचण्याची उपजत बुद्धी नाही. घरच्या संस्कारांबद्दल शंका.'

मी हे लिहिलं नव्हतं.

सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी दार लावून घेतलं.

"बदल मी केलाय. नाव तुझंच राहू दे."

"का सर?"

"हे मी लिहिलं किंवा ब्रॅडनं लिहिलं तर उद्या कोणी वर्णद्वेषी म्हणून बोट दाखवेल. तू लिहिलंस तर कोण बोलणार? तुझ्यासारखीनं म्हटलंय म्हटल्यावर विषय संपला."

मग टेबलाच्या ड्रॉवरवर दोन बोटं वाजवली. "तुझ्या ग्रीनकार्डची फाईल इथं आहे. ती याच महिन्यात पुढं जायची आहे. शहाण्यासारखं वाग."

मी बाहेर आले. बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मला फक्त कळलं की आजपर्यंत लोक माझं डोकं नाकारत होते, आज ते वापरायला मागत होते. दगडासारखं त्या पोराच्या डोक्यात घालायला.

मीटिंग सुरू झाली. डेव्हॉनचं पान पडद्यावर आलं. ब्रॅडनं चष्मा वर केला.

"तू तर नऊ दिले होतेस. आता पाच? हा तुझा आकडा आहे?"

मी बोलायच्या आत शेजारून सरांचा आवाज आला. हळू, गोड, मराठीत. "हो म्हण. तुझ्या कागदांवर सही माझी लागते."

त्यांना खात्री होती. मराठी म्हणजे त्यांची बंद खोली होती, आणि तिथं मी कायम खाली मान घालून उभी असणार.

मी उभी राहिले. इंग्रजीत म्हणाले, "यांनी आत्ता मला आमच्या भाषेत सांगितलं, हो म्हण, तुझ्या कागदांवर सही माझी लागते. तुम्हाला सगळ्यांना कळावं म्हणून भाषांतर करतेय. पाच हा आकडा माझा नाही. शेरा माझा नाही. माझे नऊ आहेत, आज दहा देईन."



"आणि दोन आठवड्यांपूर्वी इथं माझं कौतुक झालं नव्हतं. मी त्या पोराला जातीच्या कोट्यातून मार्क देते, असं हे मला म्हणाले होते. तुम्ही हसलात. मीही हसले."

सर म्हणाले, "शी इज इमोशनल."

ब्रॅडनं घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं ब्रेक घेऊ."

सगळे उठले. माझ्या खुर्चीजवळून जाताना प्रत्येकानं फोन काढला. एकानंही माझ्याकडं पाहिलं नाही. परत आत बोलावलं तेव्हा त्यात माझं नाव नव्हतं. गळ्यातलं ओळखपत्र संध्याकाळपर्यंत बंद झालं होतं. दाराला लावलं, लाल दिवा लागला.

ड्राफ्ट मी घरी टीव्हीवर पाहिला. आमच्या संघानं कॉनरला घेतलं. डेव्हॉनचं नाव कितीतरी वेळानं आलं, दूरच्या एका संघाकडून. त्याच्या आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. तो हसत नव्हता. कोण कोण त्याला सोडून गेलं ते तो मोजत असावा.

नागपूरहून मायचा फोन आला.

"तुले काढतीन का वं?"

"काढतीन, माय."

"मंग?"

"साठ दिवसांत दुसरी नोकरी नाही भेटली तं देश सोडा लागते."

मग म्हणाली, "सही नको करू पण कशावरच."

तिला कसं कळलं, कोण जाणे. कारण कागद आला होताच. कंपनीच्या वकिलाकडून, छान जाड कागद. लिहिलंय की भाषेमुळं गैरसमज झाला. मी मान्य करावं. मग ते फाईल पुढं पाठवतील, दुसऱ्या विभागात जागा देतील. खाली माझ्या नावापुढं रेघ आहे.

मी उत्तर पाठवलं आहे. गैरसमज झालेला नाही. मराठी माझी मायबोली आहे, मला ती नीट समजते. तुमचा भाषांतरकार आणा. अनिरुद्ध सरांनाही बोलवा. प्रत्येक वाक्य मी त्यांच्या तोंडावर आधी मराठीत म्हणेन, मग इंग्रजीत, आणि तुम्ही ते लिहून घ्यायचं.

गुरुवारी दहा वाजता बोलावलंय. विमानात बसवायचं असेल तर बसवा. पण त्यांचं प्रत्येक वाक्य नोंदवूनच मी जाईन.