सुट्टीच्या दिवशी तडकलेला पाटा

एसटी असो की लग्नाच्या वरातीची जीप, भट्टीसाहेब आधी खाली वाकून तिच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बघत आणि मगच आत पाय ठेवत. कंडक्टर ओरडायचा, मागचे प्रवासी खोळंबायचे. साहेबांना त्याचं काही नसे.

तुमच्याही कंपनीत असा एखादा नमुना असेलच. सत्तरच्या दशकात पिंपरीच्या आमच्या कारखान्यात ट्रकचे पाटे बनत. पाटा लालबुंद तापवून तेलात बुडवला की कडक होतो, पण काचेसारखा ठिसूळही. म्हणून तो दुसऱ्या भट्टीत मंद आचेवर पुन्हा तापवायचा, तेव्हा कुठे त्यात खरी ताकद येते. हे खातं साहेबांचं, म्हणून ते भट्टीसाहेब. मी तपासणीला होतो. तुटलेला तुकडा घेऊन गेलो की तो बघण्याआधीच ते म्हणत, "भट्टीचा दोष नाही, राव."

मग मोठ्या गिऱ्हाइकाने दोन लॉट परत पाठवले. तिसराही आला तर भट्ट्या बंद करून काम बाहेर देऊ, असं मालकांनी तोंडावर सांगितलं. म्हणजे साहेब आणि त्यांची सगळी माणसं घरी. साहेबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. तेल बदललं, भट्टीच्या विटा बदलल्या, माझ्याशी भांडून झालं. तरी काही पाटे उत्तम निघत आणि काही काडकन तुटत.

आपल्या पट्ट्यात गुरुवारी वीज बंद, म्हणून सुट्टी. घरी चैन पडेना म्हणून साहेब एकटेच शेडमध्ये जाऊन बसले आणि दुपारी धापा टाकत माझ्या कासारवाडीच्या खोलीवर हजर. बायकोने टाकलेला चहा तसाच राहिला, मला ओढतच नेलं.

शेड चिडीचूप होती. तेलातून काढलेले बुधवारचे पाटे थप्पी लावून ठेवले होते. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. बराच वेळ काहीच नाही. काळजीने यांचं डोकं फिरलं, असंच मला वाटलं. आणि थप्पीतून टिंग असा बारीक आवाज आला. कोणी हातही लावला नव्हता.

"ऐकलंत? पडल्या पडल्या तडकतायत," साहेब म्हणाले. "एरवी मशिनांच्या आवाजात कळणार कसं?"

पहिली भट्टी तेलावर चाले, दुसरी विजेवर. बुधवारी दुसऱ्या पाळीत कडक केलेला माल शुक्रवारपर्यंत तसाच ठिसूळ पडून राहायचा, त्यातले पाटे आतून तडकायचे, आणि सुट्टीआधी जास्त माल काढल्याबद्दल आम्ही एकमेकांची पाठ थोपटायचो. साहेबांनी फर्मान काढलं: तेलातून निघालेला पाटा त्याच पाळीत दुसऱ्या भट्टीत गेला पाहिजे, नाहीतर तापवायचाच नाही. मालक कुरकुरले, पण त्यांनी ऐकलं.

तिसऱ्या लॉटच्या चाचणीला गिऱ्हाइकाचा अधिकारी स्वतः आला. मशिन पाटा दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. पाळी सुटली तरी एकही माणूस गेटकडे गेला नाही. शेवटी अधिकाऱ्याने बॅग बंद केली, माल पास म्हणाला आणि मशिन थांबवायला सांगितलं.

कुरुळीचा आमचा भट्टीवाला पुढे झाला. "ऱ्हाऊ द्या की चालू साहेब. आमी बगतोय."

त्या दिवशी आमच्याइतकं श्रीमंत या पट्ट्यात कोणी नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

भट्टीसाहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते त्या संध्याकाळचेच आठवतात. हात मागे बांधून उभे, डोळे भरलेले. पाटा खाली जातोय, वर येतोय, आणि ते त्याला हळूच विचारतायत, "दमलास का रे?"