परक्या हातचं काडतूस

माझे सासरे रेनो कांगस, आमचे पापा, दोन गोष्टी परक्याच्या हातच्या घेत नसत: कॉफी आणि काडतूस. कॉफीच्या बाबतीत कधीमधी नाइलाज व्हायचा. काडतुसाच्या बाबतीत कधीच नाही.

आमच्या मिशिगनच्या उत्तर टोकाला हरणांच्या मोसमाची वाट सगळेच बघतात. पापा मात्र वर्षभर त्याच्या तयारीत असायचे. त्यांची आखूड नळीची कार्बाइन बंदूक मोठी लहरी होती. दुकानातली काडतुसं तिच्यातून थाळीएवढी विखुरत; पापांनी भरलेली कपाच्या तोंडाएवढ्या जागेत बसत. उडालेल्या काडतुसांची पितळी नळकांडी गोळा करायची, साफ करायची, तळाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, दारू तोलून भरायची आणि वरून गोळी दाबायची. मग दारू चिमूटभर कमी करून बघ, गोळी केसभर आत सरकवून बघ, आणि परत वाळूच्या खाणीत जाऊन नेम धर. हिवाळाभर मी शेजारी बसून नळकांडी निवडायची.

"मार्नी, चीर गेलीय त्याला! डोळे आहेत की बटणं?" असलं काय काय ऐकून घेत मीही ती विद्या शिकले.

एकदा त्यांच्या धाकट्या भावानं, उर्होकाकांनी, प्रेमानं डबाभर काडतुसं भरून आणली. पापांनी तोंडभर आभार मानले आणि संध्याकाळपर्यंत एकूण एक काडतूस फोडून आतली दारू टोमॅटोच्या झाडांना खत म्हणून घातली. उर्होकाका तो हिवाळाभर आमच्या सॉनात, वाफेच्या न्हाणीत, फिरकले नाहीत.

"सख्खा भाऊ आहे हो तुमचा," मी म्हटलं.

"म्हणून तर टोमॅटोला घातली. दुसऱ्या कुणाची असती तर खड्ड्यात पुरली असती."

गेल्या सप्टेंबरात त्यांचा हात थरथरायला लागला. तेही एक वेळ चाललं असतं, पण लक्षही उडायला लागलं. एके दुपारी भरलेली काडतुसं तोलून बघताना एक हलकं लागलं. आत दारूच नव्हती. असल्या काडतुसाची गोळी नळीत अडकून बसते आणि मागून दुसरा बार काढला की नळी तोंडावर फुटते. पापांनी तो अख्खा डबा फोडला आणि काडतुसं भरायच्या टेबलावर चादर टाकली.

"यंदा शिकारीच्या कॅम्पवर मी फक्त स्वयंपाक करणार," त्यांनी जाहीर केलं.

"दुकानातली आणू का, पापा?"

"त्यापेक्षा दगड मारीन हरणाला."

मला रडूही आलं आणि संतापही. स्वयंपाक म्हणे! ज्या माणसाला अंडं धड उकडता येत नाही, तो कॅम्पवर चुलीपाशी बसणार आणि बाकीचे बंदुका घेऊन निघालेले बघणार. त्या हिवाळ्यात तो माणूस खचला असता, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी चादर ओढून काढली आणि त्यांच्या देखतच भरायला बसले. ते खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ करून बसले. पण दारू तोलायच्या काट्याचा आवाज जरा लवकर थांबला की खोकायचे. मी परत तोलायची. प्रत्येक नळकांड्यात बॅटरी मारून दारू बघितली, मगच गोळी बसवली. काडतुसं त्यांच्यापुढे ठेवून म्हटलं, "घ्या तोलून. नाहीतर घाला टोमॅटोला."

दुसऱ्या दिवशी काडतुसं टेबलावर नव्हती.

रविवारी उर्होकाका आले आणि आम्ही खाणीवर गेलो. मी काटा बरोबर घेतला होता. पापा म्हणाले, "राहू दे तो गाडीत." त्यांनी कोटाच्या खिशातून माझी काडतुसं काढली आणि न तोलता कार्बाइनमध्ये सरकवली. थरथरता हात वाळूच्या पोत्यावर टेकवला. मी थांबा म्हणून ओरडणार, तोवर पहिला बार झाला. मग दुसरा, मग तिसरा. कागदावरची तिन्ही भोकं तळहाताखाली झाकली जातील इतकी जवळ होती.

"काय रे," उर्होकाकांनी टोमणा मारला, "परक्या हातचं घातलंस शेवटी?"

"परकं कुठलं? घरचंच आहे."

"मग मी कोण होतो?"

"तू भाऊ. भाऊ घाई करतो. ही माझी लेक आहे."

इतक्या वर्षांत त्यांनी मला लेक कधी म्हटलं नव्हतं. मी वाकून उडालेली नळकांडी वेचायला लागले. पापा नळी पुसत होते. "मोसमाला अजून लागतील," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "भरून ठेव."