वालाच्या प्रोटीनमधली साखर

प्रोटीन मला कुणी शिकवलं नाही. आमची प्रयोगशाळा साखर-स्टार्चवाल्यांची. बी.एस्सी. झाल्यावर मी तिथे मदतनीस म्हणून लागले आणि साखरेचं रसायनशास्त्र उभ्याउभ्या, बघून बघून उचललं. प्रोटीनची पुस्तकं मात्र लायब्ररीतून आणायची आणि कोथरूडला घरी स्वयंपाक उरकला की वाचायची. अडलं तर विचारणार कुणाला? पुन्हा वाचायचं.

त्या वाचनातूनच डोक्यात बसलं, की काही प्रोटीनना साखर अंगालाच जोडलेली असते. ग्लायकोप्रोटीन म्हणतात त्यांना. मग मंडईतून कडवे वाल आणले, दळले, त्यातलं प्रोटीन वेगळं केलं. फेनॉल आणि सल्फ्युरिक आम्ल घातलं की साखर असेल तर केशरी-पिवळा रंग येतो. आला! असा झकास आला, की मी नळी घेऊन थेट सरांच्या खोलीत.

सर आमचे प्रमुख. त्यांनी नळी उजेडात धरली, मग माझ्याकडे पाहिलं. "बाई, नळ्या कशानं पुसता?"

"सुती फडक्यानं, सर. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचं. मऊ असतं."

"आणि कापूस म्हणजे काय हो?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या माळा! तेवढ्या कडक आम्लात एखादा तंतू जरी पडला, तरी रंग येणार.

"तेव्हा वालातली साखर बघितलीत का लुगड्यातली, ते आधी ठरवा," सर म्हणाले. "लुगड्यातली निघाली तर आपलं स्टार्च बरं."

म्हणजे झालंच की! माझा म्हणून एक प्रश्न हाती लागला होता, तोच जाणार. पुसलेल्या रिकाम्या नळीत नुसतं पाणी घालून पाहिलं. रंग आला हो! घरी सांगितलं तर सासूबाई हसून हसून बेजार. "अगं, म्हणजे जन्मभर मी साखर नेसले? आणि तुझे सासरे म्हणायचे, हिची जीभ कडू!"

दुसऱ्या दिवसापासून फडकी बंद. नळ्या उलट्या ठेवून ओव्हनमध्ये वाळवल्या. आता नुसत्या पाण्याला रंग येईना. वालाच्या प्रोटीनला? आला. फिका, पण आला!

"बरं," सर म्हणाले, "कुठली साखर?"

कागदावर साखरा वेगळ्या करणं तर मला झोपेतही जमलं असतं. प्रोटीन आम्लात उकळलं, त्याचा थेंब कागदावर दिला, शेजारी ओळखीच्या साखरांचे थेंब दिले, कागद काचेच्या पेटीत टांगला. मग वाळवून, फवारा मारून ओव्हनमध्ये ठेवला. तपकिरी ठिपका उमटला तो मॅनोज नावाच्या साखरेच्या बरोबरीनं. ग्लुकोजची जागा कोरी! कापसात मॅनोज कुठून येणार?

तरी ती साखर प्रोटीनला जोडलेली आहे, नुसती बरोबर आलेली नाही, हे दाखवायचं राहिलंच होतं. एन्झाइम घालून प्रोटीनचे बारीक तुकडे केले. साखर ज्या तुकड्याबरोबर गेली, तो पुन्हा पुन्हा शुद्ध केला. साखर काही त्याला सोडेना. शेवटी तो तुकडाच फोडला, तर मॅनोज, ग्लुकोसामीन ही आणखी एक साखर आणि त्यांच्या जोडीला ॲस्पार्टिक आम्ल, म्हणजे खुद्द प्रोटीनचाच घटक! त्या क्षणी मला कुणी राजवाडा दिला असता, तरी मी म्हटलं असतं, थांबा जरा, आत्ता हात रिकामा नाही.

सगळे कागद सरांच्या टेबलावर पसरले. बराच वेळ ते वाकून पाहत होते. मग चष्मा काढला.

"यात मला खोट काढता येत नाहीये. पंचाईत आहे."

पुण्यात याहून मोठी शाबासकी मी तरी ऐकलेली नाही.

शोधनिबंध तयार झाला तेव्हा त्यावर माझं नाव आधी आणि सरांचं मागे. म्हटलं, "सर, टायपिंगमध्ये उलटं झालंय."

"काही उलटं नाही. मी नुसत्या शंका काढल्या. आणि पीएच.डी.ला नाव नोंदवा, मदतनीस मला दुसरी मिळेल."

नोंदवलं. पुढे घेवडा घेतला, उडीद घेतला, अंड्याचा पांढरा बलकसुद्धा सोडला नाही. निवृत्त होईपर्यंत साखर आणि प्रोटीन यांची ती एक गाठ शोधत राहिले, आणि सांगते, दर वेळी ती सापडली की मी टेबलावर हात आपटून "आहे!" म्हणून ओरडायचे.