हूकला न दिलेलं नाव

मंगळवार, सकाळी अकरा. हजर: मालक, सर्व्हर सांभाळणारा प्रकाश, कोड लिहिणारी सुनंदा माने आणि मी.

त्या बैठकीचं टिपण माझ्या वहीत आहे – नीट, मुद्देवार. त्यात जे नाही, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगते.

आम्ही म्हैसुरातल्या पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करतो. कुणी कोडमधला बदल सर्व्हरवर पाठवला, की तिथला एक छोटा प्रोग्रॅम – त्याला हूक म्हणतात – तो बदल आत घेतो किंवा परत पाठवतो. नोंदही तोच ठेवतो. या हूकला कोणती माहिती द्यायची, एवढंच त्या दिवशी ठरवायचं होतं. मी यादी करून नेली होती: बदल कुठे जातोय, आधीचा कोड, नवा कोड. तीन मुद्दे.

सुनंदा लष्कर मोहल्ल्यातली. घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण निम्मी कन्नड. मला अक्का म्हणायची.

"अक्का, कोण पाठिवलं ते बी हूकला द्या की. बदलात लिहिणाऱ्याचं नाव असतंय, पाठवणाऱ्याचं नसतंय. ते बेकेबेकु, पायजेच."

दहा मिनिटांचं काम आहे, प्रकाश म्हणाला.

"सुनंदाचं बेकेबेकु झाल्याशिवाय बैठक संपायची नाही," मी म्हटलं. सगळे हसले. तीही हसली. चौथा मुद्दा मी 'नंतर पाहू'मध्ये टाकला.

का? यादी आटोपशीर राहावी म्हणून – असं मी स्वतःलाही सांगत आले. खरं असं, की मुदत गाठायला मी इतरांचे अर्धवट बदल घाईनं पुरे करून परस्पर पाठवत असे. आत नाव त्यांचंच राहायचं. पाठवणारी दिसायला नको होती, इतकंच.

पुढे सुनंदा रजेवर असताना तिचा बदल अडला. कोडमधली एक तपासणी सारखी नापास होत होती – नमुन्यावरचं आणि अहवालावरचं नाव जुळतं का, तीच. मी ती काढून टाकली. बदल पाठवून दिला. दोन अहवालांची अदलाबदल झाली. एका बाईनं नसलेल्या आजाराची औषधं आठवडाभर घेतली.

मालकांसमोर प्रकाशनं नोंदी उघडल्या. पाठवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. बदलाच्या आत होतं ते सुनंदाचं.

"अक्का, मी काढलं नाही ते. तुम्ही तरी सांगा की."

तिला माझा संशय आला होता का? नाही – ती मला साक्षीला बोलावत होती.

मी म्हटलं, नोंदीत नाव तुझंच आहे, सुनंदा. इंग्रजीत म्हटलं. तिच्याशी मी तोवर कधी इंग्रजीत बोलले नव्हते.

त्याच दिवशी तिला कामावरून काढलं. हल्ली ती अग्रहारात एका झेरॉक्सच्या दुकानात अर्ज टाइप करून देते. मी ऑटोवाल्याला लांबच्या रस्त्यानं न्यायला सांगते. आणि काय भीती वाटते – ती मला ओळखणार नाही याची? की हाक मारील, अक्का म्हणून, याची?

दर सोमवारी मी राहिलेली कामं नव्या पानावर उतरवते. मालकांना खरं सांगणं, हे काम यादीत मी कधी घातलंच नाही. चौथा मुद्दा मात्र आहे. या सोमवारीही माझ्याच हातानं उतरवला:

हूकला पाठवणाऱ्याचं नाव देणे – बाकी.