फडताळ शब्दाचा व्हिडिओ

मिनिस्ट्रीतून रिटायर झाल्यावर हेमलताताईंनी नोएडातल्या आपल्या सोसायटीच्या क्लबरूममध्ये दर रविवारी मराठीचा वर्ग सुरू केला. फी नव्हती. इथं वाढलेली मुलं आजीशी फोनवर बोलताना दुसऱ्याच वाक्याला हिंदीवर घसरतात, हे त्यांना सलायचं. त्यांनी एक युक्ती काढली. प्रत्येक मुलानं आपलं नाव सांगायचं, कुठं राहतो ते सांगायचं आणि एक विसरलेला मराठी शब्द समजावून द्यायचा. ताई त्याचा मोबाइलवर व्हिडिओ करायच्या आणि आपल्या चॅनेलवर टाकायच्या. पालक खूश होते. त्यांची परवानगी घ्यावी असं ताईंच्या कधी मनातच आलं नाही.

सात वर्षांची कादंबरी वर्गात नवी होती. आई रेवतीबरोबर पुण्याहून आलेली. तिनं ‘फडताळ’ म्हणजे भिंतीतलं कपाट, हे असं काही हातवारे करून सांगितलं, की तो व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला. त्यांत तिचे वडीलही होते.

मंगळवारी दुपारी स्कूलबस आली तेव्हा ते सोसायटीच्या गेटवर उभे होते. कादंबरीचा दंड धरून गाडीकडे ओढू लागले. गार्डनं अडवलं म्हणून मुलगी वाचली.

संध्याकाळी रेवती ताईंच्या दारात आली. आत आली नाही.

“काकू, आम्ही त्यांच्यापासून लपून राहत होतो. कोर्टानं त्यांना लांब राहायला सांगितलंय. माझ्या आईलाही पत्ता ठाऊक नव्हता.”

“मला एका शब्दानं सांगितलं असतंस, तर...”

“तुम्ही एका शब्दानं विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

ताईंनी तिच्यासमोरच व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो किती फॅमिली ग्रुपांवर फिरला होता, कुणाला ठाऊक. रात्री नागपूरच्या नणंदेनं कौतुकानं तोच त्यांना पाठवला.

आठवड्याभरात रेवतीनं घर सोडलं. पंधरा दिवसांनी, विनासंमती व्हिडिओ टाकल्याबद्दल दावा लावणार असल्याची तिच्या वकिलाची नोटीस आली. यजमान श्यामकांतांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “तुझं काय चुकलं? चांगलंच करायला गेलीस ना.” ताईंना ते ऐकवेना.

वकील शशिकांत ओळखीतले होते. त्यांनी समजावलं, “मुलांचा चेहरा, नाव, पत्ता नेटवर टाकायचा तर पालकांची लेखी संमती हवी, ताई. वर्ग फुकटचा होता, हेतू चांगला होता, हे मी मांडीन. पण तुम्ही व्हिडिओ डिलीट केलात, त्याला ते पुरावा नष्ट केला म्हणू शकतात.”

“म्हणजे ठेवला असता तरी चूक, काढला तरी चूक?”

शशिकांतांनी नोटीस फाइलमध्ये ठेवली.

ताईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. रेवतीला लिहिलेलं पत्र होतं. तीन दिवस लिहीत होत्या. “हे तिच्या वकिलामार्फत पोचवाल? फक्त माफी मागितलीय.”

शशिकांतांनी वाचलं आणि मान हलवली. “हे पाठवू नका. लेखी माफी म्हणजे कबुलीच धरतील.”

“अहो, पण चुकलंच आहे माझं.”

“ते आता कोर्ट ठरवेल.”

“मग मी करू काय?”

“काही नाही. तारीख पडेल तेव्हा यायचं.”

वर्ग बंद झाला. दोन पालकांनी विचारपूस केली, बाकीच्यांनी आपापल्या मुलांचे व्हिडिओ चॅनेलवरून काढून टाकायला सांगितले. वकिलांनी त्यांनाही हात लावू नका म्हणून बजावलं होतं. कादंबरी आता कुठल्या गावात आहे, कुठल्या शाळेत जाते, हे ताईंना कळण्याचा मार्ग नव्हता. तिच्याबद्दल कुणाला विचारायचीही त्यांना भीती वाटे.