पिक्चर पडला तरी

चिंचवडच्या थिएटरात त्या बाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. बोलण्यावरून चाकणकडच्या वाटल्या. एसीतही डोक्यावरचा पदर नीट होता. मध्यंतरात त्यांनी पिशवीतल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या आणि मतं सांगायला घेतली. मालिका त्यांनी सोडल्या होत्या.

"भरजरी शालू नेसून झोपतंय का कुणी घरात?"

हा पिक्चरही त्यांना आवडला नव्हता. हिरो उगाच ओरडतो आणि हिरोइनला कामच न्हाई, म्हणाल्या.

पिक्चर संपताच लोक नावं ठेवत उठले. मीही निघालो, पण त्यांनी मला हातानं थांबवलं.

"नावं येऊ द्या की."

कपडे शिवणाऱ्यांची बारीक अक्षरांतली नावं पडद्यावर आली, तशा त्या उभ्या राहिल्या. एका नावाकडं बोट करून म्हणाल्या, "ही माझी लेक. आमच्या घरच्या मशिनीवर शिकली."

तेवढ्यात मागचा एकजण म्हणाला, "पडणार राव हा पिक्चर."

बाईंनी वळून त्याच्याकडं शांतपणे पाहिलं.

"पडू द्या. एवढी हाणामारी केली त्या हिरोनं, सदऱ्याची शिवण उसवली का कुठं?"

मला आठवून पाहावं लागलं. खरंच, कुठंच उसवली नव्हती.