पिसाच्या वाटेत काही नको

सतीशचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. सकाळची वेळ. हॉस्पिटलमधून तो "आई..." एवढंच म्हणाला आणि गप्प झाला. माझी सून अश्विनी गेली, हे त्या गप्प बसण्यातच मला कळलं. मग तो म्हणाला, "घरात एकटी आहेस ना? बस जरा खाली." मी म्हटलं, "बसलेलीच आहे. तू काही खाल्लंस का?" फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून डब्यात भरली. हात रिकामे ठेवून मला दुःख करता येत नाही. नवरा गेला तेव्हा मी इचलकरंजीला मागावरच्या कांड्या भरायचे. दिवस उरकले की परत कांडीवर बसले, कारण पोर लहान होतं आणि मागाला कांडी लागतेच, भरणारीच्या घरी काय झालंय ते मागाला कोण सांगणार. त्या खडखडाटात एक कान गेला. एका कानावर पोर शिकवलं, ते इंजिनियर होऊन सिंगापूरला आलं, आणि म्हातारपणी मला इथे चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. हे मी बोलते आहे आणि नात टाइप करते आहे. मधेच म्हणते, "आजी, स्लो लाह."

रडगाणं सांगायला मी बसलेली नाही. सून कशी होती ते सांगायचंय, कारण ते सांगण्यासारखं आहे.

अश्विनी पुण्याची. ऑफिसात कॉम्प्युटरचं काम, आणि रविवार सकाळ धनुष्यबाणाच्या क्लबात. मी नवीन आले तेव्हा मला वाटलं, रामाच्या फोटोत असतं तसं काहीतरी असेल. तिने मला क्लबात नेलं, तिथल्या कपाटाचं कुलूप काढलं, तर आतून निघालं ते भलतंच. दोन्ही टोकांना चाकं, मधून तारांसारख्या दोऱ्या, स्क्रू, बोल्ट. अर्धी सायकल आणि अर्धा माग. त्याला कंपाउंड म्हणतात. मी म्हटलं, "अगं, हे काय?" तर म्हणते, "शिकारीचं धनुष्य आहे आई. तिकडे लांबच्या देशांत याने रानडुकरं मारतात. इथे आपण फक्त कागद मारायचा. मी शाकाहारी शिकारी." क्लब सांभाळणारे कोह अंकल, चिनी म्हातारे, शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं आंटी काय म्हणते. तिने इंग्रजीत सांगितलं, तर ते एवढे हसले की चष्मा काढून पुसायला लागले.

त्या दिवशी तिने मला एक बोटाएवढी दांडी दाखवली. सोडायच्या आधी बाण जिच्यावर टेकतो ती. तिला रेस्ट म्हणतात. एका बारीक दोरीने ती बांधलेली असते. धनुष्य ओढलं की दांडी उठून बाणाला धरते आणि बाण सुटला की चटकन खाली पडते, म्हणजे बाणाच्या शेपटीची पिसं तिला लागत नाहीत. मी म्हटलं, "म्हणजे घरातलं कोणी सामान घेऊन बाहेर पडत असलं की आपण दारातून बाजूला होतो, तसं." ती खूश झाली. म्हणाली, "बरोब्बर. पिसाच्या वाटेत काही नको, एवढंच याचं शास्त्र आहे आई. बाकी सगळी माणसं उगाच घोळ घालतात."

मग आजार आला. छातीत, डाव्या बाजूला. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले. डावा हात खांद्याच्या वर जाईना, आणि धनुष्य धरायचं ते डाव्याच हाताने. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ती रोज बोटं चालवत चालवत वर न्यायची आणि जिथे थांबतील तिथे पेन्सिलीने खूण करायची. मी पोळ्या लाटत असायचे. तोंडातून आवाज नाही, कपाळावर घाम. मी तिला "राहू दे" कधी म्हटलं नाही. ज्याला करायचंय त्याला राहू दे म्हणणं मला आवडत नाही. खुणा वर वर गेल्या आणि एक दिवस डॉक्टरांनी सांगितलं, हलकं धनुष्य असेल तर चालेल. कोह अंकलनी बोल्ट सैल करून तिच्या धनुष्याचा जोर कमी करून दिला, आणि ती परत उभी राहिली. डोक्याला रुमाल, ताठ पाठ.

पण बाण नीट जाईना.

चांगला बाण सरळ जातो. हिचा माशासारखा शेपूट हलवत जायचा आणि कुठेतरी कडेला लागायचा. तेव्हा ते लोक कागदाची परीक्षा घेतात. चौकटीत कागद ताणायचा, जवळून त्यातून बाण मारायचा आणि भोक बघायचं. बाण सरळ असेल तर मधे गोल भोक आणि पिसांच्या तीन चिरा. हिच्या कागदाला दर वेळी वरच्या बाजूला लांब फाटलेलं, म्हणजे शेपटी उडत होती. तिने रेस्ट केसभर वर घेतली, तेच. खाली घेतली, तेच. बाण बदलला, तेच. एका वेळी एकच गोष्ट हलवायची हा तिचा नियम. दोन हलवल्या तर कशामुळे बरं झालं ते कळत नाही, असं ती म्हणायची. रविवारी घरी येताना पिशवीत फाटलेल्या कागदांची चळत असायची.

कोह अंकल हळूच म्हणाले, "यू टायर्ड, अश्विनी. आर्म ड्रॉपिंग." बाण सुटायच्या आत हात खाली पडतो, असं त्यांना वाटत होतं. दिवाळीनंतर क्लबाच्या स्पर्धा होत्या. त्यांनी सुचवलं, या वर्षी नुसतं बघायला ये. सतीशही घरी तेच बोलला, "अगं, एक वर्ष थांबलीस तर काय बिघडतंय? शरीराचं ऐक ना जरा."

ती म्हणाली, "शरीराचंच ऐकतेय. ते म्हणतंय मी ठीक आहे. तुम्ही कोणी ऐकत नाही."

"सगळ्यांना दिसतंय अश्विनी. तुलाच दिसत नाही."

ती उठून गेली. मागून मी चहा घेऊन गेले, तर पलंगावर कागद पसरून बसलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, बिघडलंय ते धनुष्य की मी? एवढंच कळलं तरी बास. धनुष्य असेल तर मी दुरुस्त करेन. मी असेन तर..." स्पर्धेचं तिला एवढं काही नव्हतं. आजाराने तिचं किती नेलं आणि किती ठेवलं, याचा निकाल तिला त्या कागदावर हवा होता. आणि सगळ्यांचं ऐकून ऐकून आता तिलाही वाटायला लागलं होतं की हात गेला.

तेवढ्यात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. मागाची करायचो, विळीची, कात्रीची. मी म्हटलं, घरात खरं हत्यार असून विळीची काय पूजा करायची? धनुष्य घरी आणत नाहीत, क्लबातच कुलपात ठेवतात. म्हणून झेंडू, हळद, तेलात कालवलेलं कुंकू असं ताट घेऊन आम्हीच क्लबात गेलो. उदबत्ती काढली तर कोह अंकल धावत आले. "आंटी, स्मोक कॅनॉट! अलार्म विल रिंग!" उदबत्ती परत पिशवीत. फूल वाहिलं. कुंकू कपाळाला लावतात, पण या यंत्राचं कपाळ कुठलं? मी अश्विनीला विचारलं, "याचा जीव कशात आहे गं?" ती म्हणाली, "रेस्टमध्ये." मग मी अंगठा भरून कुंकू त्या दांडीलाच लावलं. कोह अंकल म्हणाले, "आयो! ऑल मस्ट वाइप!" ती म्हणाली, "आज हात लावायचा नाही अंकल. आज त्याला सुट्टी."

दुसऱ्या दिवशी दसरा. आम्ही परत क्लबात. पहिला बाण कुंकू न पुसता मारायचा, असं तिने ठरवलं होतं. मारला. परत शेपटी उडाली. कोह अंकलनी मान दुसरीकडे वळवली. ती चालत गेली, टारगेटमधून बाण उपटला आणि तिथेच उभी राहिली. किती वेळ झाला तरी परत येईना. मला वाटलं चक्कर आली. मी उठणार तेवढ्यात ती आली आणि बाण माझ्यापुढे धरला. "आई, हे बघा." बाणाच्या काडीला लाल ओघळ होता. मी म्हटलं, "दांडीवर टेकलेला होता, लाल लागणारच." "काडीला लागणार. पण हे?" खालच्या पिसाच्या कडेला लालभडक रेघ होती. ती वळली आणि मोठ्याने मराठीतच ओरडली, "अंकल, याला वाटेत कोण भेटलं?"

कोह अंकलना मराठी कुठलं येतंय, पण बाण बघून ते समजले. रेस्ट वेळेवर खाली पडतच नव्हती आणि जाता जाता पिसाला धक्का देत होती. धनुष्याचा जोर कमी केल्यावर सगळ्या दोऱ्यांचं माप थोडं हललं होतं. रेस्टची दोरी ताणलेली राहिल्यामुळे दांडी लवकर उठत होती आणि उशिरा पडत होती. मग ती कितीही वर-खाली केली तरी भोक बदलेल कसं? एरवी असं झालं की ते लोक पावडर मारून बघतात, कुठे घासतंय ते. पण या वेळी कोणाच्या डोक्यातच आलं नाही. कोह अंकल तिला जे म्हणाले ते मी नातीकडून नीट समजून घेतलं. म्हणाले, "आय लुक अॅट युअर आर्म ओन्ली. आय नेव्हर लुक अॅट द बो." आजारी बाई दिसली की सगळे आजारच बघतात. धनुष्याकडे कोणी बघितलंच नाही.

मग तिने स्वतः किल्ली घेतली. कोह अंकल हात मागे बांधून उभे राहिले, मधे बोलले नाहीत. दोरी जराशी सैल केली, नवा कागद लावला, मारला. चीर लहान झाली. परत जराशी सैल केली. आणखी लहान. दुसरी कुठलीच गोष्ट हलवली नाही. शेवटी एकदा कागदातून टप् असा आवाज आला आणि तिने धनुष्य खाली ठेवलं. मधोमध गोल भोक, तीन चिरा. सतीश आम्हाला न्यायला आला होता. तिने तो कागद त्याच्या छातीला लावला आणि म्हणाली, "हात नाही सतीश. हात माझा ठीक आहे." त्याने त्या भोकावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सॉरी." ती म्हणाली, "सॉरी नको. भूक लागलीय. हॉकर सेंटरला चल."

स्पर्धेत ती उतरली. पदक मिळालं नाही, मधे कुठेतरी नंबर आला. पण सगळे बाण मारून आली, आणि आजारी असून बरं मारलंस असं एकानेही म्हटलं नाही. तेच तिला पाहिजे होतं. मी खुर्चीवर बसले होते. कोणी विचारलं की कोण तुमची, तर मी बोट दाखवून सांगत होते, "ती. रुमालवाली. माझी सून."

आजार परत आला तेव्हा तिने डॉक्टरांना एकदाच विचारलं, किती दिवस, आणि उत्तर ऐकून घेतलं. शेवटी शेवटी ती पलंगावर असायची, तरी क्लबातले लोक फाटलेल्या कागदांचे फोटो पाठवायचे. ती फोन डोळ्यांजवळ धरून बघायची आणि सांगायची, याची रेस्ट आत घे, याची दोरी बघ, याचं सगळं बरोबर आहे, याला म्हणावं नीट उभा राहा. नर्स म्हणायची हे फाटके कागद कसले बघतेस? अश्विनी म्हणायची, "माझे पेशंट."

तिला जाऊन काही आठवडेच झालेत. घरातलं माणूस गेलं की वर्षभर आम्ही सण करत नाही. पण यंदाची खंडेनवमी आली तेव्हा मी ठरवलं, सण माणसांचा असतो, हत्याराला सुतक नाही. एकटी बस बदलून क्लबात गेले. कोह अंकलनी काही न विचारता कपाट उघडलं. त्यांच्या हत्यारांच्या पेटीत स्क्रूच्या कप्प्याशेजारी एक स्टीलची डबी होती. ओळखीची वाटली. आमचीच कुंकवाची डबी, अश्विनीने देऊन ठेवलेली. म्हणाले, कोणाचं भोक बदलतच नसेल तर आधी हे लावून बघतो, हाताकडे मग बघतो. क्लबात त्याला आता "अश्विनी टेस्ट" म्हणतात.

तिचं धनुष्य मांडीवर घेतलं. जड होतं. तिने दोरी बांधली होती तशीच होती. झेंडू वाहिला. अंगठ्यावर कुंकू घेतलं आणि सवयीने हात त्या दांडीकडे गेला... तिथेच थांबले. पिसाच्या वाटेत काही नको. मग खाली, धनुष्याची मूठ तिच्या हाताने धरून धरून जिथे गुळगुळीत झाली आहे, तिथे लावलं.